शुगर किती, आणि मन कसं?

(स्नेहसंमेलनातील भाषण)



मघाशी निम्म्या वर्गाने बिनसाखरेचा चहा मागितला. शुगर किती, गोळी कोणती, हे सगळं मोकळेपणाने बोलून झालं. झोप लागते का, कशात मन रमतं का, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. माझं काम नेमकं तिथलं आहे.

मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं. नैराश्य आलं की गोळ्या, चालणं, पथ्य सगळंच सुटत जातं. साखर वाढते, माणूस आणखी खचतो. दवाखान्यात मात्र दोन आजारांचे केसपेपर वेगळे, आणि दुसरा बहुतेकदा निघतच नाही.

भारतातल्या चार मधुमेह दवाखान्यांत यावर एक अभ्यास झाला. २०२० साली तो प्रसिद्ध झाला. ४०४ रुग्ण, सगळ्यांना मधुमेह आणि नैराश्यही. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांमागे वर्षभर एक प्रशिक्षित समन्वयक होता, डॉक्टर नव्हे. भेटायचं, फोन करायचा, मनाची आणि साखरेची नोंद ठेवायची, आकडे हलले नाहीत तर तज्ज्ञांपुढे ते मांडायचे. वर्गात कुणी चार दिवस दिसलं नाही की आपल्या बाई घरी निरोप धाडायच्या ना, तसंच काहीसं. दोन वर्षांनी पाहिलं, तर नैराश्य निम्म्याने उतरलेले आणि शिवाय साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांपैकी काहीतरी नक्की सुधारलेले रुग्ण या गटात सुमारे ७२ टक्के होते, दुसऱ्या गटात ५७. नवीन औषध एकही नव्हतं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्या विदर्भातही असंच दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघरी गेले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे दीड वर्षात सुमारे ४ टक्क्यांवरून २७ वर गेले. खेड्यात मी स्वतः ‘नैराश्य’ हा शब्द काढतच नाही. लोक ‘टेन्शन’ म्हणतात, ‘जीव लागत नाही’ म्हणतात. तिथूनच बोलणं सुरू होतं. शहरातल्या शिकलेल्यांशी बोलणं जास्त अवघड जातं, कारण त्यांचं सगळं ‘मजेत’ असतं. आपला व्हॉट्सॲप ग्रुप बघा!

नऊ प्रश्नांची एक मराठी प्रश्नावली मी आणली आहे, नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. नाव लिहायचं नाही. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. तिथे ‘अजिबात नाही’ सोडून दुसरं उत्तर आलं, तर कागद खिशात घालून तसेच घरी जाऊ नका. जेवणानंतर मी मागच्या वर्गात बसणार आहे. आणि माझ्याशी बोलायला संकोच वाटला, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, मराठीतही बोलतात.