पुळण ही गावाची ठेव



समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचे कौतुक सांगायला जाऊ नये. ओहोटी लागली की टोपली घेऊन तिसऱ्या-मुळे वेचायला जायचं, संध्याकाळी ओल्या कडक वाळूवर पोरांनी आट्यापाट्यांचा डाव मांडायचा, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. हे सुख कोकणच्या माणसाला जन्मतःच मिळालेले असते. आज मला बोलायचे आहे ते या सुखाच्या पायाखालच्या वाळूविषयी. तिला आपण पुळण म्हणतो.

पुळण म्हणजे पडीक जागा, असा पुष्कळांचा समज असतो. तिथे भात पिकत नाही, गवत उगवत नाही. मग कोणी जोत्याच्या भरावाला तिथली वाळू नेतो, कोणी घरचा केर तिथे ओततो. जागा सगळ्यांची, म्हणून जपायची कोणीच नाही!

पण ही वाळू पडून राहिलेली नसते, तिची सारखी ये-जा चालू असते. वैशाखात जिथे रुंद पटांगण होते, तिथे आषाढात लाटा येऊन थडकतात. पावसाळी लाटा किनारा ओरबाडतात आणि वाळू आत ओढून नेतात. ती नाहीशी मात्र होत नाही. थोड्या अंतरावर पाण्याखाली तिचा बांध तयार होतो, मोठ्या लाटा त्या बांधावरच फुटतात आणि त्यांचा जोर मोडतो. पाऊस सरला, दर्या निवळला, की लहान लाटा तीच वाळू थोडी थोडी परत आणून टाकतात. शेतकरी सुगीत कणगी भरतो आणि अडीअडचणीला तीतले धान्य काढतो, तसाच हा व्यवहार आहे. आपण उन्हाळ्यात वाळू उपसून नेली, तर पावसाळ्यात समुद्राने काढायचं काय? मग तो माडांच्या मुळांशी येतो.

पुळणीच्या मागे वाळूचा उंचवटा असतो. ती आपली शिल्लक. वाऱ्याने उडणारी वाळू तिथे धरून ठेवते मर्यादवेल. बकरीच्या खुरासारखी दुभंगलेली पाने आणि जांभळट फुले असलेली ही वेल तुम्ही रोज तुडवीत असाल. तिची पेरे वाळूला टेकतात तिथे मुळ्या फुटतात आणि वाळू आवळली जाते. कोणी जागा 'साफ' करण्यासाठी ती उपटू लागला, तर त्याचा हात धरा.

याच वाळूच्या पोटात गोडे पाणी असते. मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके, म्हणून ते त्याच्यावर तरंगून राहते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावरच्या विहिरीचे पाणी गोड लागते ते यामुळेच. रहाटाने हवे तेवढेच पाणी निघत असे. मोठे पंप दिवसरात्र चालले, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि पोफळीची बाग सुकू लागते.

आता तुम्ही म्हणाल, "मग दगडाचा बंधारा घाला, म्हणजे काळजी मिटली." घरेच धोक्यात आली असतील तिथे बंधारा लागतो, हे खरे. पण दगडावर आपटून परतणारी लाट समोरची वाळू खणून नेते. बंधारा राहतो आणि पुळण जाते. मग होडी ओढायची कुठे? मासळी सुकवायची कुठे? रापण लावायची कुठे? समुद्र दिसेल, पण समुद्रकाठचे जिणे उरणार नाही.

जपण्याने पोट भरत नाही, असे कोणी म्हणेल, तर त्याला रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास दाखवावे. नाना फडणविसांचे हे गाव. इथल्या पुळणीत समुद्री कासविणी हिवाळ्यात रात्री येऊन वाळूत खड्डा करतात आणि शंभराच्या आसपास अंडी घालून परत जातात. पूर्वी ही अंडी माणसे नेत, कुत्री-कोल्हे उकरून खात. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन रक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणात तेवढ्याच खोल पुरायची आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्ले निघाली की समुद्राकडे सोडायची, अशी ही रीत. पिल्ले पाहायला दूरदूरची माणसे येतात, गावकऱ्यांच्या घरीच उतरतात, घरचे जेवतात आणि चार पैसे त्या घरात राहतात.

मात्र पाहुणा आला म्हणून त्याची गाडी पुळणीवर जाऊ देऊ नका. चाकाखाली वाळूतली घरटी दबतात, मर्यादवेल मरते. किनाऱ्यावर झगझगीत दिवेही नकोत. पिल्ले उजेडाच्या रोखाने चालतात आणि समुद्राऐवजी वाडीत शिरतात. किनाऱ्यावरच्या बांधकामाला १९९१ पासून केंद्र सरकारचे नियम आहेत, २०१९ साली ते नव्याने काढले गेले. पण पुळणीवर रोज नजर ठेवणार गावच.

ही नजर ठेवण्याचे काम शाळा उत्तम करू शकते. गुरुजींनी एखादा पक्का खांब किंवा देवळाचा कोपरा निश्चित करावा. दर पौर्णिमेला मुलांनी तिथून भरतीच्या खुणेपर्यंत दोरीने अंतर मोजावे आणि वहीत तारखेसह लिहावे. पहिल्या वर्षी आकडा कमी होताना पाहून घाबरू नये, दिवाळीनंतर तो वाढतो की नाही ते पाहावे. दोन-तीन वर्षे वाढला नाही, तर ती वही ग्रामसभेत मांडावी. मुलांचा गणिताचा तास होईल आणि गावाला आपल्या ठेवीचा हिशेब कळेल.

येत्या पौर्णिमेलाच सुरुवात करा. मोजणी झाली की मुलांना आट्यापाट्या खेळायला मात्र सोडा बरं का!