सावित्रीचे ते एक वर्ष

(चंद्रपूर येथील कुटुंब मेळाव्यात एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



संयोजकांनी मला ‘गृहस्थाश्रम’ हा विषय दिला. या विषयावर आदर्शांची उजळणी करून तासभर बोलणे अवघड नाही. अशी भाषणे मी केलीही आहेत. परंतु गेली दीड वर्षे माझ्या घरात जे चालू आहे ते बाजूला ठेवून मी आज बोललो, तर तो अप्रामाणिकपणा ठरेल. माझ्या पत्नीला बीजांडकोशाचा कर्करोग आहे. तो पसरला आहे. उपचारांनी तो लांबणीवर पडेल, जाणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. आज बोलण्यापूर्वी तिची अनुमती मी मागितली. ती म्हणाली, “बोला. पण मला देवी करू नका आणि बिचारीही करू नका.”

तेव्हा प्रथम माझी चूक सांगतो. नागपूरहून अहवाल आला त्या दिवशी मी तो कपाटात, हिवाळी कपड्यांच्या खाली ठेवला. पत्नीला सांगितले, “थोडी सूज आहे, औषधाने जाईल.” दहा दिवस मी घरात हसत वावरलो. मुलीला फोन करायला गच्चीवर जात असे. अकराव्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, “अहो, तीस वर्षे मी मुलांना विज्ञान शिकवले. अहवाल वाचता येतो मला. तो कपाटात ठेवलात त्याच संध्याकाळी वाचला.” म्हणजे दहा दिवस आम्ही दोघेही एकमेकांसाठी नाटक करत होतो आणि आधीच मोजके असलेले दहा दिवस त्या नाटकात गेले.

त्यानंतर मी सावित्रीची कथा पुन्हा वाचली. आपल्या घरांत वटपौर्णिमा होते, वडाला सूत गुंडाळले जाते आणि यमाशी झालेला संवाद सर्वांना ठाऊक असतो. पण वनपर्वात मार्कंडेय ऋषी युधिष्ठिराला ही कथा सांगतात, तेव्हा त्यात एक वर्ष येते, ज्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. सत्यवानाचे आयुष्य एकच वर्ष उरले आहे, हे नारदांनी विवाहापूर्वीच सांगितले होते. सावित्रीने जाणूनबुजून त्यालाच वरले. दागिने उतरवले, वल्कले नेसली आणि अरण्यातल्या त्या पर्णकुटीत अंध सासऱ्यांची, सासूची, पतीची सेवा करत ती राहिली. मनात दिवस मोजत होती. शेवटच्या दिवशी तिने सासूसासऱ्यांजवळ मागितले ते इतकेच, की आज पतीबरोबर मलाही वनात जाऊ द्या. या घरात आल्यापासून सुनेने प्रथमच काही मागितले, असे सासऱ्यांना आठवले. वाटेत सत्यवान तिला फुललेले वन दाखवत होता आणि आतून जळत असताना ती हसत पाहत होती.

यम नंतर आला. मला विचाराल तर सावित्रीचे सावित्रीपण त्या एका वर्षात आहे. येणारी गोष्ट ठाऊक असूनही तिने त्या वर्षाचे स्मशान होऊ दिले नाही. एक तक्रार मात्र कथेविषयी आहे: तिने ते ओझे एकटीने वाहिले, सत्यवानाला सांगितले नाही. आणि दुसरी तक्रार कथेविषयी नाही, आपल्याविषयी आहे. आजारी सावित्रीसाठी सत्यवानाने काय करायचे, हे आपण मुलांना कधी शिकवलेच नाही. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा मीठ कोणत्या डब्यात असते, हे मला ठाऊक नव्हते. वय वर्षे सत्तावन्न!

आता अरण्याचा विषय निघालाच आहे, तर आपल्याच जिल्ह्याकडे येतो. वरोऱ्याचे आनंदवन येथून तासाभराच्या वाटेवर आहे. पत्रकार म्हणून मी तेथे अनेकदा गेलो, बातम्या लिहिल्या. पण ज्यांच्याविषयी सर्वांत कमी लिहिले, त्या साधनाताई आज अधिक आठवतात. नागपूरच्या घुले घराण्यातील ही मुलगी. १८ डिसेंबर १९४६ रोजी मुरलीधर देवीदास आमटे यांच्याशी तिचा विवाह झाला. पुढे भर पावसात रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी बाबांना दिसला. बाबा प्रथम भ्याले, पळाले आणि मग परत जाऊन त्याची सेवा करू लागले. त्याची अखेरची अवस्था होती. तो वाचला नाही. हे मी मुद्दाम सांगतो. बऱ्या झालेल्या रुग्णाच्या आनंदातून आनंदवन उभे राहिलेले नाही. जो बरा होणारच नव्हता, त्याच्या शुश्रूषेत त्याचे बीज आहे. घरात लहान मुले असताना साधनाताईंनी या कामाला संमती दिली. त्या काळी या रोगाची समाजात केवढी दहशत होती, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

मग पाठीच्या कण्याच्या विकाराने बाबांना गाठले. बसणे कायमचे संपले. एकतर उभे राहायचे किंवा आडवे व्हायचे. असा माणूस घरात असला की सारे घर त्याच्या खाटेभोवती थांबते. त्यांचे थांबले नाही. १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा निघाली, तेव्हा एकाहत्तरीचे बाबा वाहनात आडवे पडून निघाले. १९९० मध्ये ते नर्मदाकाठी कसरावदला राहायला गेले. धरणाविषयीच्या त्यांच्या भूमिकेशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद होते, माझेही होते. पण चार दशके खपून उभे केलेले घर साठी उलटल्यावर सोडून नदीकाठी संसार मांडणाऱ्या साधनाताईंपुढे मतभेदाचा विषय मला सुचत नाही. बाबा पूजाअर्चेत रमणारे नव्हते, ताई मात्र श्रद्धाळू होत्या. त्यासाठी कोणी कोणाला बदलले नाही.

२००७ मध्ये बाबांना रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ते तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते. ९ फेब्रुवारी २००८ रोजी पहाटे आनंदवनातच त्यांनी देह ठेवला. एकसष्ट वर्षांचा संसार. ताईंच्या आत्मकथनाचे नाव ‘समिधा’. त्या नावाने मी पूर्वी भारावून जात असे. आता वाटते, समिधा जळून संपते. ही बाई संपली नाही. पतीच्या मागे तीन वर्षे, ९ जुलै २०११ पर्यंत, त्या आनंदवनाची आई म्हणूनच जगल्या.

निदानानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात पत्नी म्हणाली, “मला आनंदवनात घेऊन चला.” मला वाटले, तिला धीर हवा आहे. तेथे श्रद्धावनात, झाडांच्या सावलीत, ती बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “घरी गेल्यावर मागच्या अंगणात लिंबाचे रोप लावू.” लिंबाला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. हा हिशेब मी मनात केला, तिनेही केला असणार. रोप लावले. पाणी मी घालतो.

एक गोष्ट थोडी कठोरपणे सांगतो. वेदना सोसणे म्हणजे तप, असे आपल्या घरांत मानले जाते. “किती सोसते हो!” असे कौतुक मीही केले. रात्री दोन वाजता उशी दातांत धरून पडलेले माणूस पाहिल्यावर ते कौतुक गळून पडते. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे स्वस्त आणि जुने औषध आहे. कायद्याच्या जाचामुळे आपल्याकडे ते मिळणे दुर्घट होते. २०१४ मध्ये अमली पदार्थविषयक कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. मुंबईत १९८६ पासून शांती आवेदना सदन अखेरच्या अवस्थेतील रुग्णांची सेवा करते. केरळात १९९३ मध्ये कालिकतला लहानसे वेदनोपचार केंद्र निघाले आणि त्यातून पुढे घरोघरी जाणाऱ्या स्वयंसेवकांची मोठी चळवळ झाली. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे उपशामक सेवा, रोग बरा करत नाही. रुग्णाची झोप, जेवण, बोलणे त्याला परत देते. सिरोंचा, भामरागडच्या माणसाने यासाठी नागपूरपर्यंत यायचे? येथे इतके कार्यकर्ते बसले आहेत, म्हणून विचारतो.

भामरागडवरून आठवले. फार वर्षांपूर्वी हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात एक माडिया म्हातारा मी पाहिला. पत्नीला खाटेवर घालून गावकऱ्यांनी जंगलातून चालत आणले होते. फारसे काही करता येणार नाही, असे त्याला समजावले गेले. त्याने ते ऐकून घेतले, बाहेर तीन दगडांची चूल मांडली आणि तिच्यासाठी पेज शिजवायला बसला. मी तेव्हा तरुण बातमीदार होतो. मला त्यात ‘दुर्गम भागातील आरोग्य समस्या’ दिसली. तीच मी लिहिली. ती खरीही होती. ती पेज मात्र माझ्या बातमीत आली नाही.

आमच्याकडे लोक येतात. “काही होणार नाही, ठणठणीत व्हाल” म्हणतात. ते गेल्यावर पत्नी थकते, कारण त्यांना धीर तिलाच द्यावा लागतो. काही जुने स्नेही येईनासे झाले; काय बोलावे हे त्यांना सुचत नसेल. एक जण मात्र दर मंगळवारी येतात, वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात, अग्रलेखावर तिच्याशी भांडतात आणि जातात. मंगळवारी ती स्वतःहून केस विंचरते.

नवस बोलू नका, असे तिने मला बजावले आहे. “महाकालीला नवस नको, दर्शनाला मात्र घेऊन चला.” चैत्रातल्या यात्रेची गर्दी तिला झेपणार नाही, म्हणून आम्ही आधीच, एका साध्या दुपारी, जाऊन आलो. तिने काय मागितले, मी विचारले नाही. परतताना तिने उसाचा रस मागितला. डॉक्टरांनी बाहेरचे खायला मना केले आहे. अर्धा ग्लास घेतला, उरलेला मी प्यायलो.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवला आहे, असे संयोजक म्हणतात. मला क्षमा करावी. तिची गोळी नऊ वाजता असते, ती मीच देतो, आणि आता साडेआठ झाले आहेत.