जुन्या घराची पश्चिमेची भिंत

वैशाख सरत आला म्हणजे पनवेलच्या जुन्या वस्तींत घरें शाकारण्याची घाई सुरू होते. फुटकीं कौलें बदललीं जातात, पन्हळी साफ होतात, आणि मृगापूर्वीं सर्वांनाच गवंडी हवा असतो. छपराची काळजी प्रत्येकजण घेतो. कारण तें गळूं लागलें कीं थेंब थेट डोक्यावर पडतो. भिंतीचें दुखणें मात्र मुकें असतें. तें वर्षानुवर्षें आंतल्या आंत वाढतें, आणि दृष्टीस पडतें तेव्हां बहुधा घाईनें व भलत्याच औषधानें त्यावर इलाज केला जातो.

अशा एका घराची कल्पना श्रोत्यांनीं करावी. टपाल नाक्याजवळच्या एखाद्या आळींत, तीन पिढ्यांपूर्वीं बांधलेलें, दीड फूट जाडीच्या विटांच्या भिंतींचें व मंगलोरी कौलांचें तें घर आहे. पश्चिमेकडील भिंतीचा बाहेरचा गिलावा फुगला आहे. आंतल्या बाजूस जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला आहे, आणि त्याच भिंतीलगत घरांतील आजींची खाट आहे. पावसाळ्यांत त्यांना खोकल्यानें झोंप नाहीं, आणि उन्हाळ्यांत तीच भिंत मध्यरात्रींपर्यंत धगधगते. तरी लग्न होऊन ज्या दारांतून त्या आंत आल्या, तें दार सोडून जाण्याची त्यांची तयारी नाहीं.

गृहस्वामीपुढें तीन सल्ले येतात. शेजारी म्हणतात, घर पाडावें. तालुक्यांत विमानतळ झाला, जागेला मोल आलें. कंत्राटदार म्हणतो, "काका, पंधरा दिवसांत सिमेंट मारून देतों, वर प्लॅस्टिक पेंट. पुढें दहा वर्षें बघायला नको." आणि मुंबईहून आलेला भाचा सुचवितो, "मामा, बाहेरून थर्मोकोलचे तक्ते लावून घ्या. परदेशांत सगळे तसेंच करतात. घर गारही राहील." १८५२ सालीं जेथें नगरपालिका स्थापन झाली आणि २०१६ सालीं महानगरपालिका आली, त्या ह्या गांवांत असा पेंच पुष्कळ कुटुंबांस पडतो. त्याचा उलगडा करावयाचा तर प्रथम विटेचा स्वभाव जाणला पाहिजे.

वीट दगडासारखी दिसली तरी तिच्या अंगीं असंख्य सूक्ष्म छिद्रें असतात, आणि त्यांतून ती पाणी शोषून घेते. चोवीस तास पाण्यांत बुडवून ठेवलेल्या साध्या विटेनें आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषूं नये, अशी मर्यादा भारतीय मानकांत घातलेली आहे. म्हणजे तीन किलो वजनाची, मानकांत बसणारी वीटही अर्ध्या लिटराहून अधिक पाणी पोटांत ठेवूं शकते. दहा फूट लांब, दहा फूट उंच व दीड फूट जाड अशा भिंतींत आजच्या मापाच्या सुमारें दोन हजार विटा बसतात. प्रत्येक विटेंत पाव लिटर पाणी मुरलें असें धरलें, तरी ह्या एका भिंतींत पांचशें लिटर पाणी सांठतें. हें पाणी कोठून आलें आणि तें कोणत्या वाटेनें बाहेर जाणार, हाच भिंतीच्या प्रकृतीचा मुख्य प्रश्न होय.

पाणी येण्याच्या वाटा तीन आहेत. एक जमिनीची. दिव्याच्या वातींतून तेल चढावें तशी ओल विटांतून वर चढते. ती बहुधा तीन-चार फुटांपर्यंत जाते. आळींतील रस्त्यावर वर्षानुवर्षें खडी-डांबराचे थर चढत गेले म्हणजे एके काळचें उंच जोतें जमिनीबरोबर येतें, आणि ही वाट अधिकच मोकळी होते. दुसरी वाट वाऱ्याची. पनवेलीस वर्षाचा पाऊस शंभर इंचांच्या आसपास व पुष्कळदां त्याहून अधिक पडतो; तो जवळजवळ सर्व चार महिन्यांत, आणि नैर्ऋत्येकडील वाऱ्याबरोबर तिरपा येतो. म्हणून मार बसतो तो पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींना. तिसरी वाट माणसाच्या हयगयीची: फुटलेली पन्हळ, वळचणीखालीं उडणारे पागोळ्यांचे शिंतोडे, भिंतींत गाडलेला झिरपता नळ.

पाण्याबरोबर क्षार विरघळून येतात. भिंत वाळूं लागली कीं पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात व त्यांचे स्फटिक बनतात. ते पृष्ठभागावर आले तर नुसता पांढरा लोणा दिसतो. परंतु विटेच्या छिद्रांत बनले तर वाढतां वाढतां विटेचें अंग फोडतात. भिंतीचा भुगा पडतो तो ह्या कारणानें.

जुन्या गवंड्यांस हें शास्त्राच्या भाषेंत मांडतां आलें नसेल. परंतु त्यांच्या कामांत तें उतरलें होतें. त्यांनीं जोतें उंच घेतलें, वळचण लांब काढली आणि पावसाच्या बाजूस पडवी घातली. पावसाळा जवळ आला कीं कोंकणांत उघड्या बाजूंस नारळाच्या झावळ्यांचीं झांपें बांधलीं जात. आणि भिंतीवर त्यांनीं चुन्याचा गिलावा दिला. चुनखडीचा दगड वा शिंपले भट्टींत सुमारें ९०० अंश सेल्सियस उष्णतेवर भाजले म्हणजे त्यांतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यांत विझवून, वाळू व विटांची सुरखी मिसळून भिंतीवर चढविला कीं हवेंतील तोच वायु पुन्हां शोषून हळूहळू घट्ट होतो. असा गिलावा पावसाचें थोडें पाणी पितो, परंतु ऊन पडतांच तें परत देतो. आणि आंतून येणारी ओलही अडवीत नाहीं. फुटावयाचें झालें तर तो आपण फुटतो, विटेला फुटूं देत नाहीं. दर दिवाळीपूर्वींच्या सफेदीचा हेतु केवळ शोभेचा नव्हता; त्या निमित्तानें भिंतीची वार्षिक डागडुजी होत असे.

पोर्टलंड सिमेंटचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं घेतलें गेलें. हिंदुस्थानांत पोरबंदरच्या कारखान्यांतून १९१४ सालीं सिमेंट निघूं लागलें, आणि पुढें चुन्याच्या घाण्या एकेक करून बंद पडल्या. सिमेंटला दोष देण्याचें कारण नाहीं. पूल, धरणें व उंच इमारती त्याच्याच बळावर उभ्या आहेत. परंतु तें कठीण व घट्ट असतें, आणि जुनी वीट नरम व सच्छिद्र. ऊन-पावसानें दोहोंची हालचाल सारखी होत नाहीं. त्यामुळें गिलाव्यास केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या भेगांतून पावसाचें पाणी आंत जातें, आणि परत येण्यास मात्र त्यास वाट सांपडत नाहीं. वर प्लॅस्टिकचा रंग असेल तर उरलीसुरली वाटही बुजते. मग ती ओल आणखी वर चढते किंवा आंतल्या खोलींत उतरते. बाहेरून कोरी दिसणारी भिंत आंतून कुजत राहते, आणि कांहीं वर्षांनीं सिमेंटचा पापुद्रा विटेचें तोंड घेऊनच खालीं येतो. आजींच्या खाटेशीं फुटलेला लोणा अशा इलाजानें बरा होत नाहीं, वाढतो.

आतां भाच्याच्या सूचनेचा विचार. उष्णतारोधनाचें तत्त्व सोपें आहे: कोंडलेली स्थिर हवा उष्णता फार मंद वाहून नेते. थर्मोकोलमध्यें, लोकरींत वा भाताच्या तुसांत काम करते ती हीच हवा. पाणी तिच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेतें. यावरून पहिली गोष्ट ही निघते कीं ओली भिंत मुळांतच वाईट रोधक आहे; ती कोरडी केली कीं उष्णतारोधनाचा कांहीं भाग फुकट साधतो. शिवाय थंड देशांत भिंतीला पांघरूण घालतात तें घरांतील ऊब बाहेर जाऊं नये म्हणून. पनवेलीस शत्रु आहे तो ऊन. पनवेल सुमारें १९ अक्षांशावर असल्यामुळें मेच्या मध्याच्या सुमारास सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. त्या दिवसांत दुपारचें ऊन छप्पर घेतें आणि तिसऱ्या प्रहरानंतरचें पश्चिमेची भिंत. जाड भिंतींत शिरलेली उष्णता आंत पोंचण्यास कित्येक तास लागतात. म्हणूनच ती भिंत मध्यरात्रीं धगधगते. तेव्हां येथें उत्तम उपाय म्हणजे ऊन भिंतीला लागूंच न देणें. पडवी, छज्जा, किंवा भिंतीपासून चार बोटें दूर उभारलेला, खालींवर हवेला वाट ठेवलेला बांबूचा अगर लांकडी पट्ट्यांचा पडदा, ह्यांनीं ऊन अडतें, पावसाचा मार अडतो आणि भिंतही वाळत राहते. झावळ्यांचें झांप हेंच करीत असे.

ओल्या भिंतीवर थर्मोकोल चिकटविणें हें सिमेंटच्याच चुकीचें दुसरें रूप होय. त्यांत आणखी एक धोका आहे. लंडनमधील ग्रेनफेल टॉवर ह्या इमारतीस नूतनीकरणांत बाहेरून उष्णतारोधक व वर प्लॅस्टिकचा गाभा असलेले पत्रे बसविले होते. १४ जून २०१७ रोजीं लागलेली आग त्या आवरणावरून भराभर वर चढली आणि ७२ माणसें प्राणांस मुकलीं. दाटीच्या आळींत, जेथें एका घराची वळचण दुसऱ्यास भिडते, तेथें भिंतीवर काय चढवावें ह्याचा विचार शंभरदां केला पाहिजे.

मग त्या गृहस्थानें करावें काय? पहिली गोष्ट, पावसाच्या तोंडावर गिलाव्याचें काम काढूंच नये. ह्या पावसाळ्यापूर्वीं पन्हळ दुरुस्त करावी, नळ तपासावा, भिंतीच्या पायथ्याचा भराव काढून पाणी दूर जाईल असा उतार द्यावा आणि पश्चिमेस झांपें बांधावींत. आजींची खाट पूर्वेच्या भिंतीकडे न्यावी. कौलांखालीं बांबूची चटई किंवा फळ्यांची तक्तपोशी घातली तर उन्हाळ्यांत भिंतीच्या कामापेक्षांही लवकर गुण येईल; कारण सर्वांत अधिक ऊन छपरावरच पडतें.

दिवाळीनंतर पुढचें काम. सुटलेला गिलावा हलक्या हातानें काढावा. जेथें सिमेंट विटेला घट्ट धरून बसलें असेल व काढतांना वीट फुटत असेल, तेथें तें राहूं द्यावें. लोणा कोरड्या कुंच्यानें झाडून गोळा करावा. तो पाण्यानें धुतला तर पुन्हां आंत जातो. दरजा पाऊण इंच खोल खरवडून चुन्यानें भराव्या. भिंत वाळली कीं नाहीं ह्याची एक साधी परीक्षा आहे. हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनीं चिकटवून एक दिवस ठेवावा. भिंतीकडील अंगास दंव धरलें तर भिंतींत ओल शिल्लक आहे असें समजून थांबावें.

गिलाव्यासाठीं कळीचा चुना विझवून किमान पंधरवडा पाण्याखालीं मुरवावा. विझतांना तो उकळतो व डोळ्यांस अपाय करतो, म्हणून मुलांस दूर ठेवावें आणि काम करणारानें चष्मा वापरावा. चुना एक भाग, सुरखी एक भाग व वाळू दोन भाग हें प्रमाण साधारणतः चालतें. वाळू गोड्या पाण्याची असावी. खाडीची वाळू म्हणजे पैसे देऊन आणलेला लोणा. पहिला थर अर्ध्या इंचाचा, त्यावर दुसरा पातळ, आणि प्रत्येक थर आठवडाभर ओला राखावा. शेवटीं पातळ सफेदीचे तीन-चार हात. पांढरी भिंत उन्हाचा बराच भाग परतवून लावते. भेग मात्र दरवर्षीं रुंदावत असेल किंवा भिंतीस पोट आलें असेल, तर गवंड्याआधीं इंजिनियरला बोलवावें. तें दुखणें गिलाव्याचें नव्हे.

ह्या मार्गांत पंधरा दिवसांचें काम सात-आठ महिन्यांवर जातें. चुन्याचा जाणता कारागीर शोधावा लागतो, आणि सफेदी दर एक-दोन वर्षांनीं करावी लागते. कंत्राटदाराचें दहा वर्षांचें आश्वासन त्यापुढें सोयीचें वाटतें, हें खरें. परंतु भिंतीला झांकून टाकणें व भिंतीला बरें करणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जी भिंत वाळूं शकते ती टिकते. जिला वाळूं दिलें जात नाहीं ती कितीही सजविली तरी जाते. घर पाडावयाचें कीं राखावयाचें, हें कुटुंबानें ठरवावें. पण ओलीला चुकीचें औषध देऊन, मग भिंतच कुजकी निघाली असा तिच्यावर ठपका ठेवून घर पाडलें जाऊं नये. तीन पिढ्या उभी असलेली भिंत आणखी एक पावसाळा झांपांच्या आडोशाला काढील. तेवढा धीर घरांतील माणसांनीं धरला, म्हणजे पुढच्या वैशाखांत आजींची खाट पुन्हां आपल्या जागीं लावतां येईल.