लेयाचं सांत्वन कोण करणार?

(‘स्त्रिया आणि चित्रपट’ या विषयावरील चर्चेत केलेल्या भाषणाचा संक्षेप)



‘स्टार वॉर्स’ ही चित्रमालिका मला मनापासून आवडते, हे आधीच कबूल करते. चळवळीतल्या बाईला अवकाशातल्या लढाया कशा काय आवडतात, असं मला विचारतात. त्याचं उत्तर लेया. गोष्टींतल्या राजकन्या सुटकेची वाट बघत बसतात. १९७७च्या पहिल्या चित्रपटातली ही राजकन्या मात्र सोडवायला आलेल्यांच्याच हातची बंदूक घेते आणि पळायची वाट स्वतः काढते. कॅरी फिशरने रंगवलेली ही मुलगी मला आपली वाटली.

पण त्याच चित्रपटातली एक गोष्ट मला दर वेळी खुपते. शत्रू लेयाच्या डोळ्यांदेखत तिचा अख्खा ग्रह, अल्डरान, उडवून देतो. घरदार, माणसं, सगळं क्षणात संपतं. पुढे नायक ल्यूकचा गुरू मारला जातो. ल्यूक सुन्न होऊन बसतो. त्याच्या खांद्यावर पांघरूण घालून त्याची समजूत कोण काढतं? लेया! तिची समजूत मात्र कुणी अशी काढत नाही. शेवटी पदकं मिळतात ल्यूक आणि हान या पुरुषांना, आणि ती त्यांच्या गळ्यात घालायचं कामही तिचंच.

आपलं दुःख गिळायचं आणि इतरांना सावरायचं, हे बाईचं काम म्हणून गृहीतच धरलेलं असतं. आकाशगंगा बदलली तरी ते सुटत नाही.

पडद्यामागे काय दिसतं? पहिल्या चित्रपटाच्या संकलनासाठी १९७८ साली मार्शा लुकासला दोन सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळालं. तरी जग ओळखतं ते तिच्या तेव्हाच्या नवऱ्याला, दिग्दर्शक जॉर्ज लुकासला. २०१९पर्यंत मूळ कथेचे नऊ चित्रपट झाले. त्यांतला एकही बाईने दिग्दर्शित केलेला नाही.

बदल झालेच नाहीत असं नाही. २०१५च्या चित्रपटात रे ही मुलगी नायिका झाली, लेया सेनानी झाली. पण २०१७ साली केली मेरी ट्रॅन ही व्हिएतनामी वंशाची अभिनेत्री आली, तेव्हा तिच्या रूपावरून, वंशावरून काही चाहत्यांनी तिला नको नको ते बोलून छळलं. २०१८ साली तिने वृत्तपत्रात लेख लिहून या छळाला जाहीर उत्तर दिलं. पुढच्या चित्रपटात मात्र तिची भूमिका जेमतेम उरली.

‘एवढं आवडतं, तर खोड कशाला काढता?’ असं विचारणारे भेटतात. अहो, आवडतं म्हणूनच तर विचारायचं! जे आपलं वाटत नाही, त्याच्याशी भांडणार कोण?

तेव्हा हा चित्रपट मुलांबरोबर जरूर बघा. पांघरुणाचा तो प्रसंग आला की एवढंच विचारा, ‘आणि हिचं सांत्वन कोण करणार?’ मुलगे काय उत्तर देतात, तेही ऐका.