झोपेचे आदाब : इशापासून फजरपर्यंत

(पालक-मेळाव्यात केलेले भाषण)





मी आज झोपेवर बोलणार आहे, हे ऐकून काहींना हसू आले असेल. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावरून समाजाला जागे करायचे असते, झोपवायचे नसते, असेही कोणी म्हणेल. परंतु जो वेळेवर झोपत नाही तो वेळेवर जागाही होत नाही. म्हणून हा विषय मी मुद्दाम निवडला आहे.

मी अनेक वर्षे शिक्षकी पेशात काढली. माझ्या वर्गात एक मुलगा पहिल्या तासाला रोज डुलक्या घेत असे. मी त्याला उभे केले, चार शब्द सुनावले, सर्वांदेखत आळशी म्हटले. पुढे एकदा त्याच्या घरी जाण्याचा योग आला. एका खोलीत सात माणसे राहत होती. टीव्ही रात्री साडेबारा-एकपर्यंत चालू असे आणि मुलाचे अंथरूण घालायची जागा नेमकी त्या टीव्हीपुढे. तो बंद झाल्यावरच मुलाला आडवे होता येई. त्या दिवशी मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. मुलगा आळशी नव्हता. त्याची रात्र त्याच्या हाती नव्हती. तेव्हापासून माझे मत झाले आहे की, झोपेचे आदाब आधी थोरांना सांगावेत आणि मग मुलांना.

पालकहो, इस्लामने झोपेला गफलत मानलेले नाही. ती अल्लाहची नेमत आहे. सूरह अन्-नबामध्ये निद्रेला विश्रांती, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला उपजीविकेची वेळ म्हटले आहे. सूरह अज्-जुमरमध्ये तर झोप आणि मृत्यू यांचा एकत्र उल्लेख आहे. अल्लाह झोपेत जीव ताब्यात घेतो आणि ज्याचा मृत्यू ठरलेला नाही त्याचा परत पाठवतो. म्हणजे रोजची सकाळ ही नव्याने मिळालेली अमानत होय.

रात्रभर नमाज आणि दिवसभर रोजा असा क्रम धरणाऱ्या ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना पैगंबरसाहेबांनी (स.) समजावले की शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, डोळ्यांचाही आहे आणि पत्नीचाही आहे. ह. सलमान फारसी (रजि.) यांनीही ह. अबू दरदा (रजि.) यांना रात्रीच्या पहिल्या भागात नमाजसाठी उठू दिले नाही, झोपायला लावले आणि शेवटच्या प्रहरी दोघांनी मिळून नमाज पढली. हे कानावर गेल्यावर पैगंबरसाहेबांनी सलमान यांचे म्हणणे खरे ठरवले. इबादतीसाठीसुद्धा जर शरीराचा हक्क बुडवू नये, तर मोबाईलसाठी तो बुडवणे कितपत योग्य?

आता मुख्य गोष्ट. ह. अबू बरजा (रजि.) यांच्या हदीसप्रमाणे पैगंबरसाहेबांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे नापसंत होते. विद्याभ्यास, पाहुण्यांची विचारपूस, घरच्यांशी दोन शब्द यांना सवलत आहे. बाकी रात्र विश्रांतीची. आपल्या मुंबई-कोकणात डिसेंबरात इशाची वेळ साधारण साडेसातच्या आत सुरू होते आणि फजरची पावणेसहाच्या सुमारास. साडेनऊला झोपणाऱ्या मुलाला आठ तास सहज मिळतात. जूनमध्ये रात्र लहान. फजर पावणेपाचच्या आतबाहेर. तेव्हा दुपारची थोडी झोप, म्हणजे कैलूला, उपयोगी पडते. सहाबा कैलूला करीत असत. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या वैद्यकीय संस्थेने २०१६ साली १३ ते १८ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ८ ते १० तास झोप हवी असे सांगितले. इशा-फजरचे वेळापत्रक पाळणाऱ्या घरात हा हिशेब फारसा अवघड जात नाही. अवघड होतो तो इशानंतर बाजार भरवणाऱ्या घरात.

झोपण्यापूर्वी घर आवरण्याचीही शिकवण आहे. दरवाजे लावा, भांडी झाका, दिवे विझवा. मदीनेत एका रात्री एक घर माणसांसह जळाले, तेव्हा आग ही तुमची शत्रू आहे, झोपताना ती विझवा, अशी ताकीद पैगंबरसाहेबांनी दिली. आज आपल्या घरी तेलाचा दिवा नसेल. पण गॅसची टाकी आहे, डास घालवण्याची जळती अगरबत्ती आहे, उशीखाली चार्जिंगला लावलेला मोबाईल आहे. गॅस बंद आहे ना, हे पाहणे हीसुद्धा सुन्नतीची आठवण आहे. कठडा नसलेल्या गच्चीवर झोपण्यासही मनाई आहे, हे उन्हाळ्यात गच्चीवर बिछाना नेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याकडे वळतो. झोपण्यापूर्वी नमाजसारखी वजू करावी. अंथरूण झटकून घ्यावे, कारण आपल्या पाठीमागे त्यावर काय आले हे आपल्याला ठाऊक नसते. पावसाळ्यात ज्यांच्या घरी विंचू निघतो त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. उजव्या कुशीवर निजावे, पालथे झोपू नये. आयतुल कुर्सी पढावी. तिन्ही कुल पढून, हातांवर फुंकर घालून ते अंगावरून फिरवावेत. ह. बरा बिन आजिब (रजि.) यांना पैगंबरसाहेबांनी झोपतानाची दुआ शिकवली आणि त्यांच्याकडून ती म्हणवून घेतली. त्यांनी 'नबी' या शब्दाच्या जागी 'रसूल' म्हटले, तेवढेही दुरुस्त केले. पाठांतर कसे करावे आणि शिक्षकाने ते कसे ऐकावे, याचा हा उत्तम धडा आहे.

आणि एक गोष्ट माझ्या भगिनींसाठी. जाते ओढून ओढून ह. फातिमा (रजि.) यांच्या हातांना घट्टे पडले होते. त्यांनी वडिलांकडे सेवक मागितला. पैगंबरसाहेब रात्री स्वतः त्यांच्या घरी आले आणि त्यांना व ह. अली (रजि.) यांना झोपताना ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणण्यास सांगितले. हे सेवकापेक्षा उत्तम आहे, असे ते म्हणाले. ह. अलींनी ही तसबीह सिफ्फीनच्या लढाईच्या रात्रीही सोडली नाही. मात्र, भगिनींनी तसबीह पढावी आणि भावांनी भांडी तशीच टाकून निजावे, असा याचा अर्थ कोणी काढू नये! पैगंबरसाहेब स्वतः घरकामात हात लावीत असत.

मुले दहा वर्षांची झाली की त्यांची अंथरुणे वेगळी करावीत, असा हुकूम आहे. फजरपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर मुलांनीही परवानगी विचारून आत यावे, हे सूरह अन्-नूरमध्ये आले आहे. घर एका खोलीचे असले तरी मधे एक पडदा लावता येतो. लाजलज्जा जागेच्या चौरस फुटांवर अवलंबून नसते.

शेवटी जागे होण्याविषयी. हिजरी ७ मध्ये खैबरहून परतताना पैगंबरसाहेबांनी फजरसाठी उठवण्याचे काम ह. बिलाल (रजि.) यांच्यावर सोपवले. थकलेल्या बिलाल यांनाही झोप लागली आणि सर्वांना उन्हानेच जागे केले. पैगंबरसाहेबांनी त्यांच्यावर आगपाखड केली नाही. थोडे पुढे जाऊन वजू केली, बिलाल यांनाच इकामत म्हणायला सांगितले आणि नमाज पढवली. झोपेमुळे किंवा विसरल्याने नमाज राहिली, तर आठवताच पढावी, असे शिकवले. पालकहो, पहाटे मुलाचे पांघरूण ओढून शिवीने त्याची सकाळ सुरू करणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. जो बाप स्वतः एक वाजता झोपला, त्याला पाच वाजता मुलावर ओरडण्याचा अधिकार कोठून आला?

मी आपणाकडे मोठे काही मागत नाही. आज घरी गेल्यावर इशानंतर टीव्ही बंद करा, मोबाईल एका फळीवर ठेवा, त्यात आपला आधी ठेवा. मुलाच्या अंथरुणाजवळ बसून एक दुआ त्याच्याबरोबर म्हणा. महिनाभर एवढे करून पाहा. पहिल्या तासाला डुलक्या घेणारा तो मुलगा माझ्याकडून अन्याय सोसून गेला. तुमच्या मुलावर ती वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

अल्लाह तआला आपल्या रात्री शांत आणि सकाळी बरकतीच्या करो. आमीन.

वस्सलाम.