चहा मागितला तर मिळतो का?

‘वृद्धाश्रम निवडताना’ या विषयावर बोलायला एका कवीला का बोलावलं, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. कारण साधं आहे. या परीक्षेत मी एकदा नापास झालो आहे, आणि नापास झालेल्याला पेपर चांगला लक्षात राहतो.

माझी खाला, म्हणजे मावशी, ८१ वर्षांची. सोलापुरात उर्दू शाळेत शिक्षिका होती. मूलबाळ नाही. खालू गेल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून ती चार पावलं टाकू लागली. पण आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायकोची नोकरी, माझी पाठ दुखरी. एका रात्री तिला उठवताना आम्ही दोघंही पडलो. त्या रात्री घरात वृद्धाश्रमाचा विषय निघाला.

आमच्याकडे खालाला आईचा दर्जा आहे. नातेवाइकांचं ‘लोग क्या बोलेंगे’ सुरू झालं. मलाही शरम वाटत होती. त्या शरमेपोटीच माझी चूक झाली. कुणाला विचारलं नाही, चार ठिकाणं पाहिली नाहीत. लपतछपत गेलो आणि पहिल्याच ठिकाणी पैसे भरून आलो. चकचकीत फरशी, बाग, भिंतीवर सुविचार. भेटायला फक्त रविवारी चार ते सहा. मला ती शिस्त वाटली!

तिसऱ्या रविवारी बायकोनं तिला कुशीवर वळवलं, तर माकडहाडाशी जखम. ‘या वयात होतंच,’ असं तिथल्या माणसानं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, अंग कोरडं ठेवावं लागतं. इथं तर चालवायच्या बाईला, पडू नये म्हणून, डायपर लावून दिवसभर पलंगावर ठेवलं होतं. रात्रपाळीला किती माणसं असतात, हे मी विचारलंच नव्हतं. आणि खाला? ती दर रविवारी म्हणायची, ‘सब ठीक है.’

आम्ही तिला घरी आणलं. जखम भरली. मग पुन्हा शोध सुरू केला, यावेळी उघडपणे आणि तिला विचारून. त्यातून जे शिकलो ते सांगतो.

न कळवता जा, आणि दोनदा जा. एकदा जेवणाच्या वेळी, एकदा दिवेलागणीनंतर. नाकावर विश्वास ठेवा. लघवीचा वास तर वाईटच, पण तो झाकणारा फिनेलचा उग्र दर्पही तपासावा. बागेपेक्षा न्हाणीघर आधी पाहा. धरायला दांडी आहे का, फरशी खडबडीत आहे का, कडी बाहेरून उघडता येते का? पलंगाजवळची घंटी स्वतः वाजवा आणि कोण किती वेळात येतं ते पाहा.

मग माणसांकडे पाहा. नखं कापलेली आहेत का? पाण्याचा पेला हाताला लागेल असा आहे का? दुपारी चारला सगळे पलंगावरच असतील, तर का? कर्मचारी आजींना नावानं ओळखतात की खाटेच्या नंबरानं?

कार्यालयात संकोच करू नका. रात्री नर्स असते की फक्त मदतनीस? औषधांची नोंदवही दाखवा म्हणावं. पुढे अंथरुणाला खिळल्यावर किंवा स्मृतिभ्रंश झाल्यावर ठेवून घेणार का, हेही विचारावं, कारण काही संस्था फक्त हिंडत्याफिरत्या माणसांना घेतात. अनामत परत कधी मिळेल, डायपर आणि फिजिओथेरपीचा खर्च वेगळा का, हे लेखी घ्यावं. आम्ही नमाज, रोजा, जेवण, अगदी दफनविधीचंही विचारलं. संचालिकाबाई म्हणाल्या, ‘आमच्या स्वयंपाकघरात मटण होत नाही, पण तुम्ही डबा आणू शकता.’ मोठ्या आश्वासनापेक्षा मला हा स्पष्टपणा आवडला.

एक गोष्ट कायद्याची. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा झाला. तो फक्त मुलामुलींपुरता नाही. निपुत्रिक ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा वारसानं ज्याच्याकडे जाणार आहे, त्या नातेवाइकावरही जबाबदारी येते. मदतीसाठी १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक २०२१पासून आहे. वृद्धाश्रमात पैसे भरले म्हणजे आपलं कर्तव्य संपलं, असं मात्र कुठलाच कायदा म्हणत नाही.

माझी ही लांबलचक यादी खालानं शांतपणे ऐकून घेतली. मग चाकाच्या खुर्चीतून तिनं बाईंना एकच प्रश्न विचारला, ‘चा मंगी तो मिलती क्या, नै तो घंटी बजी तोच?’ मागितला तर चहा मिळतो, की घंटा झाल्यावरच? बाई हसल्या. ‘चहा चारलाच होतो. पण रात्री कुणाला झोप लागली नाही, तर रात्रपाळीची मुलगी करून देते.’ खाला म्हणाली, आठ दिवस राहून बघते.

त्या आठ दिवसांना आता वर्ष होऊन गेलं. मी वार ठरवून जात नाही; कधीही जातो, दार उघडं असतं. गेलं की ती तक्रारी सुरू करते. चहात आलं जास्त, शेजारीण घोरते, वर्तमानपत्र उशिरा येतं. मी निमूटपणे ऐकतो. पहिल्या ठिकाणी तिची एकही तक्रार नव्हती, आणि तेव्हा मी समाधानानं घरी परतत होतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)