हिऱ्याची रक्कम आणि मण्यांची माळ



रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या महिला मंडळाने मण्यांचे दागिने करून विकायचे आणि तो पैसा कर्करुग्णांच्या प्रवासखर्चाला द्यायचा, असं ठरवलंय. कुणी म्हणालं, "माळा विकून काय होणार?"

मी बँकेतला माणूस, तारणाचाच दाखला देतो. 1924 साली टाटांच्या पोलाद कारखान्यात पगाराला पैसे नव्हते. सर दोराबजींनी स्वतःची मालमत्ता इम्पीरियल बँकेकडे तारण ठेवली. त्यात लेडी मेहेरबाईंचा 245 कॅरटचा ज्युबिली हिराही होता. 1931 साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पुढच्याच वर्षी दोराबजी. नंतर हिरा विकून आलेली रक्कम त्यांच्या ट्रस्टला मिळाली. त्याच ट्रस्टने मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय उभारलं, 1941 साली. कामठा-गोंदियाकडचे पेशंट विदर्भ एक्सप्रेसने तिथंच तर जातात!

आपले मणी हिरा नव्हेत. पण सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचं तिकीट त्यातून नक्की निघेल.

सूचना एवढीच: साहित्याचा खर्च वेगळा लिहा, प्रत्येक विक्रीची पावती द्या, दरमहा हिशेब सूचनाफलकावर लावा. पहिली माळ लोक हौसेनं घेतील, दुसरी हिशेब पाहूनच घेतील.